पोटहिस्सा

गोत्री रोडवर, तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टर हेतल अमीन यांनी
लाइट बिलाच्या पाठीवर फुप्फुसं काढली.
बिल आमचंच. भरायचं राहिलेलं.

उजव्याला तीन हिस्से, डाव्याला दोन,
हृदयाला जागा द्यावी लागते ना, म्हणाल्या
आणि डाव्यात तिरपी रेघ मारली.
ही फट.
गाठ वरच्या हिश्श्यात सुरू झाली,
आता फट ओलांडून खालच्याला लागलीय.

हे छत्तीस वर्षं मोजणीखात्यात.
दिवसभर कोठीत गुजरातीत हद्दी लिहायच्या,
संध्याकाळी दांडिया बाजारात परतून
माझ्याशी मराठीत वाद घालायचा.
निवृत्त होताना साखळी खात्यात जमा केली,
सिगरेट नाही केली.

चष्मा सावरून विचारलं यांनी,
"बेन, एक सांगा.
शेजाऱ्यानं बांध कोरलाय,
की पलीकडच्या नंबरात जाऊन
वेगळी झोपडी घातलीय?"

बाई पेन टेकवून बघत राहिल्या.
काका, सवाल तर हाच.
सलग सरकत गेलेली वेगळी मोजतात,
उडी मारून रुजलेली वेगळी.
उडीवालीचा आकडा मोठा.
तुमची फोटोत तरी सलग दिसते.
बाकी छाती उघडल्यावर.

"स्थळपाहणी," हे म्हणाले.
मला हसू आलं, तिथं, त्या खुर्चीत.

संमतीच्या कागदावर दोन गोष्टी होत्या :
वरचा हिस्सा पुरा आणि खालच्याची किनार.
तेवढ्यानं भागलं नाही तर
डावं सगळं.
यांनी दोन्ही वाचून सही केली,
म. बा. टिपणीस, खाली तारीख, वेळ,
आणि नर्सकडे पंच मागितले.
एक मी. दुसरा खालच्या मजल्यावरचा जिग्नेश,
रक्त द्यायला आलेला.

पाच तास.
बाकावर शेजारच्या बाईंनी थेपले दिले,
कुणाचं काय, विचारलं नाही, मीही नाही.

मग बाई आल्या, कपाळावर टोपीचा वळ.
डावं सगळं नाही काढलं. किनारीवर भागलं.
आणि एक गंमत, म्हणाल्या,
फट पुरती नव्हतीच हो.
मागच्या अंगाला दोन्ही हिस्से
जन्मापासून एकात एक.
रेघ पुस्तकात असते.

म्हणजे तिनं ओलांडलं तरी काय?
आपल्याच घरात
या खोलीतून त्या खोलीत गेली,
दार नव्हतंच.
इतकी वर्षं मी या छातीशी निजले.

तिसऱ्या दिवशी यांना सांगितलं.
कुशीत दोन नळ्या,
खाटेखाली बाटलीत पाणी बुडबुडत होतं.
डोळे मिटूनच म्हणाले,
"नकाशावर बांध, जागेवर नाही.
आमची निम्मी प्रकरणं तसलीच."
मग खोकला आला. उशी छातीला दाबून धरली आम्ही दोघांनी.

रिपोर्ट नवव्या दिवशी.
सलगच होती. उडी नाही.
अकरा ग्रंथी तपासल्या, एकीत सापडली.
दहांचं कुणाला काय, आम्ही त्या एकीकडे बघत बसलो.
दुसरी पायरी, म्हणाल्या बाई,
पण वरच्या अंगाची.
चार वेळा सलाइनमधून औषध घ्यावं लागेल.

घरी आल्यावर यांनी जुनी मोजणीवही काढली.
टी दोन. एन एक. एम शून्य.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन्सिल धरली
आणि चहा मागितला.

उरलेला हिस्सा म्हणे हळूहळू फुगतो,
वर सरकतो,
रिकामी जागा आपल्या नावावर करून घेतो.
अर्ज नाही, नोटीस नाही.
रात्री मी कान लावते तिथं.
"काय ऐकतेस? मोजणी झालीय," हे म्हणतात,
वाक्याच्या मधे एकदा थांबून.

लाइट बिल अजून पर्समध्ये आहे.
तारीख केव्हाच गेली.
खिडकीवरचा माणूस ते उलटून बघेल,
म्हणून.